उधाणातली सुनावणी

आंब्याच्या मोहोराचा वास आणि वाळत्या जवळ्याचा वास एकाच खिडकीतून यायला लागला की मी समजते, अभ्यासक्रम संपला आणि मुलांची तारांबळ सुरू झाली. आमची शाळा ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. एका अंगाला पूर्वी कारखाने होते तिथे उभे राहिलेले टॉवर, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा, मध्ये आमचं पटांगण आणि पटांगणात आंब्याचं एकुलतं एक झाड. माघात ते मोहरतं आणि त्याच सुमाराला कोळीवाड्याच्या खळ्यावर जवळा पसरतात. खळं म्हणजे खाडीकाठची मोकळी, चोपून सारखी केलेली जागा. होडीतून उतरलेला बारीक जवळा तिथे उन्हात वाळतो आणि पुढे पावसाळाभर कोणाच्या ना कोणाच्या कांद्यात परतला जातो. वारा फिरला की दोन्ही वास वर्गात येतात. मग पहिल्या बाकावरचं कोणीतरी नाकाला रुमाल लावून विचारतं, टीचर, खिडकी लावू? आणि मी दरवर्षी नको म्हणते.

यंदाही नको म्हटलं, पण यंदा माझा आवाज जरा चढला. सकाळीच बसथांब्याशेजारच्या फळ्यावर एक नोटीस पाहून आले होते. खाडीकाठच्या सुशोभीकरणाचं उरलेलं काम हाती घ्यायचं आहे, कोणाची हरकत किंवा सूचना असल्यास अमुक तारखेला सुनावणीला हजर राहावे. तारीख वाचली आणि माझी बोटं आपोआप पेरांवर फिरू लागली. खरं तर आमच्या घरात पंचांग बघायची सवय कोणालाच नाही. संकष्टी असल्याचंसुद्धा आम्हाला शेजारच्या घरातून मोदकांचा वास आल्यावर कळतं. तिथी मोजायची ही खोड मला शाळेत लागली, आणि ती लावली एका विद्यार्थिनीनं.

मी राज्यशास्त्र शिकवते. पूर्वी त्याला नागरिकशास्त्र म्हणायचे. नाव बदललं, नशीब तेच राहिलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला हा विषय, इतिहास जिकडे जाईल तिकडे फरपटत जातो. फेब्रुवारी आला की गणिताच्या बाई स्टाफरूममध्ये गोड आवाजात माझा तास मागतात. भूमिती राहिली आहे, आणि तुमचं काय, मुलं घरी वाचून लिहितील, असं वर ऐकवतात. मीही कितीदा दिला आहे. त्रिकोण काही वाट बघत नाही आणि लोकशाही काय, एवढी वर्षं थांबलीच आहे. पण तास देऊन टाकला की मला स्टाफरूममध्ये बसवत नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालते. वर्गातही मला बसून शिकवता येत नाही. आमच्या कोपरीच्या घरी नवरा म्हणतो, तू भाजी निवडतानासुद्धा दोन खोल्या फिरतेस. काही माणसांच्या पायाला भिंगरी असते, माझ्या विषयानंच ती माझ्या पायाला बांधली असं मला वाटतं.

कारण हा विषय शिकवायचा म्हणजे रोज खोटं पडायची तयारी ठेवायची. पुस्तकात लिहिलेलं असतं की नागरिक हा लोकशाहीचा आधार आहे. मुलं ते पाठ करतात, आणि शाळा सुटल्यावर ज्या रस्त्यानं घरी जातात त्याला फुटपाथ नसतो. पुस्तकात मतदार जागरूक असतो. मुलांना राजकारण दिसतं ते चौकातल्या फ्लेक्सवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत. दहावीच्या पोरांकडे या सगळ्याचं उत्तर एका शब्दात तयार असतं. रस्ता का झाला नाही? सेटिंग. पाणी त्यांनाच का येतं? सेटिंग. कितीही मन लावून शिकवलं तरी शेवटच्या बाकावरून हा शब्द येतो, आणि अख्खा वर्ग म्हाताऱ्या माणसांसारखा मान डोलावतो. पंधरा वर्षांच्या मुलांनी इतकं शहाणं असू नये. त्यांच्या त्या शहाणपणाची मला भीती वाटते.

म्हणून मी एक उद्योग करते. लोकांचा सहभाग, चळवळी वगैरे धडे आले की वर्गात सुनावणी घेते. विषय जवळपासचाच घ्यायचा. नियम एकच, ज्याचं घर ज्या बाजूला असेल त्यानं त्या बाजूनं बोलायचं नाही. टॉवरमधल्यांनी कोळीवाड्याचं म्हणणं मांडायचं, कोळीवाड्यातल्यांनी टॉवरचं किंवा सरकारचं. मुलांना मजा येते. नाटक असतं ना शेवटी.

ती विद्यार्थिनी दहावीत होती त्या वर्षी विषय आयता समोर होता. खाडीच्या काठानं चालण्यासाठी ट्रॅक, बाकं, दिवे आणि फुलझाडं करायची योजना आली होती, आणि तिच्या आखणीत कोळीवाड्याचं खळं अख्खंच्या अख्खं जात होतं. टॉवरमधल्या माणसांना ट्रॅक हवा होता आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी पाय मोकळे करायला डंपरच्या रस्त्याशिवाय जागा नव्हती. कोळीवाड्याला खळं हवं होतं, कारण ते गेलं की जवळा वाळवायचा कुठे? ओला विकायचा तर दुपारपर्यंत विकून संपवावा लागतो, नाहीतर टाकून द्यावा लागतो. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं भरपूर आहे, सुनावणी रंगेल, या आनंदात मी होते.

सुनावणी घेणाऱ्या कचेरीतल्या साहेबाची भूमिका हर्षालीनं मागून घेतली. हर्षाली कोळीवाड्यातली. वर्गात ती फारशी बोलायची नाही, पण बघायची. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची की बोलणारा गडबडून जाई. तिची आई वंदनाताई कोपरीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची, त्यामुळे माझी आणि तिची ओळख शाळेच्या आधीपासूनची. पालकसभेला वंदनाताई कधी तोंड उघडायची नाही. बाजारात मात्र चार गिऱ्हाइकांना एका दमात गप्प करायची.

टॉवरमधल्या मुलांचा पुढारी झाला होता ईशान. बोलण्यात पटाईत, वक्तृत्वात बक्षिसं मिळवणारा. त्याचे वडील त्यांच्या सोसायटीचे चेअरमन, आणि ट्रॅक व्हावा म्हणून सर्वांत आधी अर्ज करणारेही तेच. माझ्या नियमाप्रमाणे ईशान मच्छीमार झाला होता. त्यानं डोक्याला चौकड्यांचा रुमाल बांधला होता, सहा-सात मित्रांना मुद्दे वाटून दिले होते, आणि खळ्याच्या बाजूनं असं काही तयार करून आला होता की क्षणभर मीही खळ्याच्या बाजूची झाले.

हर्षाली माझ्या टेबलामागे खुर्चीवर बसली. टॉवरच्या बाजूच्यांचं म्हणणं तिनं ऐकून घेतलं. मग समोर न बघता विचारलं, हरकत घेणारं कोणी हजर आहे का? ईशानसकट सगळ्यांनी हात वर केले. तिनं मान वर केली, त्या हातांकडे बघितलं आणि बाजूला लिहीत बसलेल्या मुलीला सांगितलं, "नोंद घ्या. हरकतदार कोणीही हजर नाही."

वर्गात गलका झाला. ईशान उभा राहिला. "अरे, आम्ही सगळे आलेलो आहोत ना! हे चीटिंग आहे, टीचर."

"तुम्ही आलेले नाही," हर्षाली शांतपणे म्हणाली. "तुम्ही खाडीत आहात. आज पौर्णिमा आहे, उधाण आहे. तुम्ही पहाटे गेलात, तुमच्या बायका बंदरावर तुमची वाट बघतायत. तुम्ही येईपर्यंत ऑफिस बंद होतं."

"मग दुसरा दिवस द्यायचा ना, यार," ईशान म्हणाला. साहेबाला यार म्हटल्याबद्दल पोरं हसली. साहेब हसला नाही. तो म्हणाला, नोटीस लावली होती. कुठे लावली होती, असं कोणीतरी ओरडलं, तेव्हा तिनं वर्गाच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं. दार लोटून बघितलं तर त्याच्या मागे, भिंतीवर, खरंच एक कागद चिकटवलेला होता. दार दिवसभर उघडं असतं, त्यामुळे तो कोणालाच दिसला नव्हता. मलाही नाही.

मला राग आला. केवढी तयारी केली होती मुलांनी, आणि हिनं खेळच मोडला. तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि म्हटलं, अगं, दुसऱ्याच्या भूमिकेत जायचं म्हणजे त्याचं म्हणणं समजून घ्यायचं, सूड नाही उगवायचा. तिनं दारामागचा कागद काढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "टीचर, मी काहीच वाढवलं नाही. असंच झालंय."

मग तिनं सगळं सांगितलं. खरी सुनावणी आदल्याच महिन्यात होऊन गेली होती. ती पौर्णिमेच्या दिवशी होती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास खाडीच्या पाण्याला जोराची ओढ असते, जाळं भरतं ते त्याच चार-सहा दिवसांत. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी सुस्तावतं. तो भांग. भांगाला होड्या काठाला लागतात, जाळी शिवायला निघतात, साखरपुडे ठरतात, गावकीच्या बैठका होतात, देवळाची वर्गणी काढतात. कोळीवाड्यात कोणाला चार माणसं जमवायची असली तर तो भांग गाठतो. हे त्यांना कोणी शिकवत नाही आणि ते कोणाला सांगायच्या भानगडीत पडत नाहीत.

आणि गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही पण म्हणते, त्यांनी नोटीस पाहिली होती. त्या खऱ्या नोटिशीपुढे दारबिर काही नव्हतं, ते हर्षालीनं तिच्या पदरचं घातलेलं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी ती वाचली, तिथी बघितली आणि त्यांची पक्की समजूत झाली की कागदावर तारीख चुकली आहे. उधाणाला कोण बैठक ठेवतं? बदलतील, दुसरा कागद लावतील. दुसऱ्या कागदाची वाट बघत ते होड्या घेऊन गेले. भांगाला चार जण कचेरीत विचारायला गेले, तेव्हा त्यांना कळलं की सुनावणी झाली, हरकत कोणाचीच आली नाही, आणि पुरेसा अवधी देऊनही तुमच्यातलं कोणी फिरकलं नाही.

कचेरीनं हे मुद्दाम केलं असं मी तेव्हा म्हटलं नाही. तिथल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल सुट्ट्या असतात, चंद्राकडे बघायचं कोणाला सुचतं? त्यांच्या लेखी गावाला पर्वा नव्हती. गावाच्या लेखी कचेरीला एवढी साधी गोष्ट कळणार नाही हे शक्यच नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि खळं मधल्यामध्ये गेलं. इतकी वर्षं मी सहभाग या शब्दाची व्याख्या फळ्यावर लिहीत आले होते. त्या व्याख्येत तिथीला कुठे जागा होती?

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला हे सांगितलं. सांगायला हर्षालीलाच उभं केलं. ऐकताना वर्गात चुळबुळ झाली, ईशाननं रुमाल केव्हाच काढून ठेवला होता. शेवटच्या बाकावरून तो ठरलेला शब्द येईल म्हणून मी वाट बघत होते. तो आला नाही. त्याऐवजी ईशाननं विचारलं, "टीचर, पण आपण हजर असून गैरहजर कसे?" तो अजून आपण म्हणत होता. नाटक संपलं होतं तरी तो मच्छीमारच राहिला होता, आणि मला तेवढ्यावरून भरून आलं.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. ईशानचे वडील समोर बसले होते. चिडलेले होते, पण सभ्य माणूस. मुलगा घरी येऊन प्रश्न विचारतो, जेवणाच्या ताटावर आजीशी ट्रॅकवरून वाद घालतो, दहावीचं वर्ष आहे, शाळेत राजकारण कशाला? बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, पुस्तकात आहे तेवढंच घ्या, आता सराव परीक्षा तोंडावर आहे. त्यांचंही खरं होतं. शाळा अनुदानावर चालते, आणि आम्ही राजकारणापासून लांब राहावं असा नियम आहे. मतदानाच्या दिवशी लोकांच्या बोटाला शाई लावायला मात्र आम्हीच लागतो. मी उभीच होते. मी म्हटलं, पुस्तकातलंच शिकवते आहे, फक्त ते पुस्तकाबाहेर कसं दिसतं तेवढं दाखवलं. आणि ईशानच्या वडिलांना म्हटलं, तुम्ही ट्रॅकच्या बाजूनं आहात, राहा. मी मुलांना खळ्याच्या बाजूनं व्हा असं सांगितलेलं नाही. तुम्हीच मला सांगा, तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा सगळे गावाला गेलेले असताना मे महिन्यात ठेवली आणि ठराव मंजूर केले, तर तुम्ही ते चालवून घ्याल का?

 नियमाचा माणूस होता, कोरमशिवाय त्यांच्या सोसायटीत दिव्याचा बल्बसुद्धा बदलत नसत. बाईंनी घाईनं चहा मागवला.

पुढचं सगळं मोठ्या माणसांनी केलं, आणि तसंच व्हायला हवं होतं. कोळीवाड्यानं फेरसुनावणीसाठी अर्ज दिला. त्या अर्जाला ईशानच्या वडिलांनी सोसायटीच्या वतीनं वेगळा कागद जोडला. ट्रॅक हवाच, त्याबद्दल दुमत नाही, पण सुनावणी रीतीनं व्हावी, असा काहीसा मजकूर. कोळीवाड्यात त्या कागदाची चर्चा अर्जापेक्षा जास्त झाली. आपल्या विरुद्ध असलेला माणूस आपल्याला बोलू द्या म्हणतो, हे तिथल्या म्हाताऱ्यांना पचायला दोन भांग लागले असतील.

फेरसुनावणी मंजूर झाली. मागितल्याप्रमाणे अष्टमीची तारीख मिळाली. हर्षाली शाळेत आली ती जवळजवळ पळतच. गावानं ठरवलं होतं की बायकांच्या बाजूनं वंदनाताईनं उभं राहायचं, पण साहेबापुढे तिची जीभ टाळ्याला चिकटते, तेव्हा तिच्या शेजारी राहून बोलायचं ते हर्षालीनं. तिनं सगळं मनात तयार केलं होतं. माझ्या टेबलापाशी उभी राहून मला एकदा म्हणूनही दाखवलं, कुठे अडखळली नाही. मी ऐकत होते आणि भिंतीवर चिकटवलेलं बोर्डाचं वेळापत्रक मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. अष्टमीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर होता. वेळही तीच, सकाळची.

तिला सांगितलं तेव्हा तिनं वळून वेळापत्रक बघितलं.  तिला ते ठाऊक होतं, पण अष्टमी आणि ती तारीख या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींशेजारी आल्याच नव्हत्या. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "टीचर, परीक्षेची तारीख कोणाला विचारून ठरवतात?"

 मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली खळ्यावर बायका फळीनं जवळा उलथत होत्या. त्या दिवसांत माझी झोप उडाली. सुनावणीसाठी तिसरी तारीख मागावी तर दुसरी मिळवतानाच नाकी नऊ आले होते. तिनं पेपर सोडावा असं म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि तिनं पेपर द्यावा असं म्हणताना माझाच विषय मला टोचत होता. शेवटी निर्णय वंदनाताईनं घेतला. बाजारात माझ्या पिशवीत बोंबील टाकता टाकता ती म्हणाली, "पोर पेपरला जाईल. मी बोलन, नायतर उभी तरी रान." तिच्या आवाजात धाकधूक होती आणि ती लपवायला तिनं मला उगाच दोन बोंबील जास्त घातले.

पेपरच्या दिवशी मला दुसऱ्या शाळेत पर्यवेक्षणाला पाठवलं होतं. वर्गात शिकवताना फिरते तो वेगळा भाग, पण त्या दिवशी मी इतकी फिरले की एका मुलीनं हात वर करून चपलांचा आवाज होतो म्हणून सांगितलं. मी चपला काढून अनवाणी फिरू लागले. प्रश्नपत्रिका हातात होती. लोकांचा सहभाग लोकशाहीत का महत्त्वाचा असतो, अशा अर्थाचा प्रश्न होताच, तो दर दोन वर्षांनी असतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला हर्षाली त्याच घटकेला त्याचं उत्तर लिहीत असेल, मुद्दे पाडून, अधोरेखित करून, मी शिकवलं तसं. आणि कचेरीत तिची आई उभी असेल. फरशी गार होती, पंखा वर कुरकुरत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हा पेपर फाडून खिडकीतून भिरकावून द्यावा आणि सगळ्या मुलांना म्हणावं, चला.

अर्थात तसलं काही मी केलं नाही. घंटा झाल्यावर पेपर गोळा केले, मोजले, शिक्के मारले, आणि रिक्षा करून थेट कोळीवाडा गाठला. हर्षाली माझ्या आधीच पोचली होती. गणवेशातच, पायरीवर बसली होती. पुरुष परतले नव्हते, बायकाही नव्हत्या. आम्ही दोघी वाट बघत बसलो. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. खळ्यावर त्या दिवशी जवळा नव्हता, भांग होता. रिकाम्या खळ्यावर कावळे फिरत होते आणि पाणी काठाशी हलतही नव्हतं.

बायका परतल्या तेव्हा उन्हं कलली होती. वंदनाताई पाणी प्यायली, तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि मग जे सांगितलं ते गावातल्या बायकांनी पुढे मला इतक्यांदा सांगितलं आहे की आता मी तिथे होते असंच मला वाटतं. नाव पुकारल्यावर ती उभी राहिली. लेकीनं पढवलेलं सगळं क्षणात विसरली. साहेबांनी घड्याळाकडे बघत म्हटलं, बोला, लवकर सांगा. त्या घड्याळानंच तिचं काम केलं. ती म्हणाली, "सायेब, आज आष्टमी हाय, म्हून आमी आलाव. तुमाला जा इचाराचा ता इचारा. आज आमाला घाई नाय."

आणि ती खाली बसली. तिच्या मागे खोलीभर बायका आणि गडी बसले होते, तेही बसूनच राहिले. मग साहेबांना एकेकाचं नाव घ्यावं लागलं, एकेकाला विचारावं लागलं, आणि प्रत्येकानं आपलं खळ्यावरचं काम सांगितलं. कचेरीची जेवणाची सुट्टी झाली, तरी कोणी उठलं नाही. ईशानचे वडीलही शेवटपर्यंत बसून होते म्हणे. ट्रॅकची बाजू त्यांनी मांडली, आणि वंदनाताईच्या मते चांगली मांडली.

हर्षालीनं सगळं ऐकून घेतलं. मग आईच्या कुशीत तोंड खुपसून ती जी रडली, ती थांबेना. आनंदानं म्हणावं तर तसं नव्हतं. तिला तिथे असायचं होतं. आईनं आपल्याशिवाय बोलून दाखवलं याचं कौतुक, आणि आपण तेव्हा एका बाकावर बसून सहभागाचं महत्त्व लिहीत होतो याचा संताप, दोन्ही एकदम आलं असावं. राज्यशास्त्रात तिला चांगले गुण पडले. त्या गुणांकडे बघून मला अजून कसंतरी होतं.

ट्रॅक झाला. खळ्याच्या कडेशी येऊन थांबला. माणसं सकाळी तिथवर चालत येतात, जवळ्याच्या वासानं नाक मुरडतात किंवा मुरडत नाहीत, आणि परत फिरतात. काही बायका येताना पिशवी घेऊन येतात आणि सुकट घेऊन जातात. ईशान पुण्याला शिकतो. हर्षाली कॉलेज करून आईच्या पाटीवर बसते आणि गावकीच्या बैठकीत लिहायचं काम करते. अजूनही बोलणाऱ्याच्या तोंडाकडे तशीच बघते.

आणि यंदा ही नोटीस. उरलेलं काम, म्हणजे खळंच. बोटांच्या पेरांवर मोजलं ते बरोबर निघालं, पुन्हा उधाणच. हर्षालीला फोन केला तर ती म्हणाली, टीचर, कालच बघितली, आता कागद बदलायची वाट कोणी बघत नाही, अर्ज गेलासुद्धा. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एकदा सांगून कळलेली गोष्ट पुन्हा सांगावी लागते, याचा अर्थ ती कळली नव्हती, की कळून ठेवून दिली होती?

वर्गात गेले आणि धडा उघडायच्या आधी फळ्यावर सुनावणीची तारीख लिहिली. कसली तारीख ते सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही. विचारलं, या दिवशी तिथी कोणती? पोरं एकमेकांकडे बघून हसली. राज्यशास्त्राच्या तासाला तिथी! कोळीवाड्यातल्या दोघांनी मात्र एका सुरात सांगितलं, पौर्णिमा. मग मी उधाण आणि भांग सांगितला, पूर्वी काय झालं होतं तेही सांगितलं. टॉवरमधली एक मुलगी, ज्या मुलीनं सकाळी खिडकी लावू का म्हणून विचारलं होतं तीच, हात वर करून म्हणाली, "टीचर, पण कचेरीतल्या लोकांना माहीत नसतं, की माहीत असतं?"

तेवढा प्रश्न हर्षालीच्या वर्गानं मला विचारला नव्हता. मी फेऱ्या मारायची थांबले. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि नाही हे मी सांगून टाकलं.  तेवढ्यात गणिताच्या बाई दारात आल्या, तास मागायला. आज जमणार नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

काल संध्याकाळी बसथांब्यावर उभी होते. नोटीस अजून तिथेच आहे. तिच्या खालच्या कोऱ्या जागेत कोणीतरी निळ्या पेनानं लिहिलं आहे, "या दिवशी उधाण आहे. तारीख बदला." अक्षर नीट, ओळ सरळ, आणि उधाण हा शब्द मी फळ्यावर करते तसा अधोरेखित केलेला. इतकी वर्षं वह्या तपासल्या की अक्षरावरून मूल ओळखू येतं. नाव सांगणार नाही, नाहीतर त्या पोरीला मुख्याध्यापिकाबाई बोलावून घेतील. एवढंच सांगते की ती कोळीवाड्यात राहत नाही, तिच्या घरातून खळं खूप खाली आणि खूप लहान दिसतं, आणि जवळ्याचा वास तिला अजिबात आवडत नाही.